मोहाखाली लावलेली गाडी

ब्रह्मपुरी, रविवार, संध्याकाळ

मोटरसायकलबद्दल तक्रार नाही. नागभीडच्या रस्त्यावर सोफ्यावर बसल्यासारखं वाटतं. मागच्या सीटवर वंदनाला चक्क डुलकी लागली. रिटायर झालेल्या नवऱ्याच्या हौसेला नावं ठेवणारी बायको, तीच.

पण सकाळचं डोक्यातून जात नाही. थर्मासमधला चहा प्यायला थांबलो. रस्त्याच्या खाली, एका मोहाखाली झाडलेली स्वच्छ जागा दिसली. पाचोळ्यात स्टँड रुततो, म्हणून गाडी तिथेच उतरवली. झाडलेली जागा! जंगलात ती कुणी झाडली असेल, हे मनात येऊ नये?

चहा संपत आला, तेव्हा एक म्हातारी बाई आणि तिची सून टोपल्या घेऊन मोह वेचायला आल्या. फुलं वेचता यावीत म्हणूनच ती जागा झाडलेली; पहाटेपासून पडलेली कितीतरी फुलं माझ्या चाकांखाली चेंदली होती.

गाडी चारशे किलोची, तिला रिव्हर्स नाही, वर चढ. मी आणि वंदनाने जोर लावला, तरी जागची हलेना. शेवटी त्या दोघींनीच टोपल्या खाली ठेवल्या आणि ढकलायला आल्या.

"एवढी मोठी गाडी, अन् मांगं येत नाई?" बाई म्हणाल्या.

"नाई येत. चुकलं माझं."

गाडी रस्त्यावर चढल्यावर त्यांनी टोपलीतला झाडू काढून चाकाच्या खुणेवरून फिरवला. "कोन्या गावचे हा जी भाऊ तुमी?"

माझं गाव तिथून दोन कोसांवर. लहानपणी आईसोबत मोहाखाली मीच झाडायचो.

"नागपूरचा," मी म्हणालो.