हॉफराटीणबाई आणि उरलेले चार मीटर

मु. डोंगराच्या पायथ्याची खाणावळ,
शनिवार, संध्याकाळचे सहा

तीर्थस्वरूप दाजींस,

तुमचा मेहुणा कास्पर याचा, गुडघे परवानगी देतात तेवढं वाकून केलेला नमस्कार. रोझविताताईचा दमा आता कसा आहे? तुमच्या कानाचं म्हणाल तर तो ताई बोलत नसताना उत्तम चालतो हे मला ठाऊक आहे, त्यामुळे त्याची चौकशी करत नाही. गाई, मधमाश्या आणि तुमच्या गावच्या अग्निशमन दलाचा बंब या सर्वांची खुशाली कळवावी. (बंबाची चौकशी मुद्दाम केली आहे, पण ते मागाहून.) इकडे मी ठणठणीत. लिंझमधल्या माझ्या चारही सॉसेजच्या गाड्या देवाच्या दयेने आणि लोकांच्या भुकेने चालू आहेत. एकवीस वर्षं हा धंदा केला, त्याचं सार एवढंच की हात चिमट्यावर ठेवावा आणि कान गिऱ्हाइकाकडे. माणूस तोंडात सॉसेज असताना सहसा खोटं बोलत नाही.

तर मी सध्या सहलीला आलो आहे. खुर्चीला धरून बसा: आमच्या शहराच्या कलासंस्कृती मंडळाची तीन दिवसांची सहल, 'आपल्या देशाचा वारसा'. बसमध्ये एकोणतीस माणसं, त्यांतल्या चोवीस विधवा, आणि प्रत्येकीच्या नावामागे तिच्या गेलेल्या नवऱ्याचं पद जसंच्या तसं शाबूत. नवरा मातीत जातो, पद बायकोकडे राहतं, हे आपल्याकडचं जुनंच. माझ्या पुढच्या बाकावर खाणसंचालकीणबाई, त्यांच्यापुढे शाळातपासनीसीणबाई, आणि खिडकीशी हॉफराटीणबाई. (हॉफराट म्हणजे दरबाराचा सल्लागार. दरबार बुडून सत्तर वर्षं झाली, सल्लागार अजून नेमले जातात. कुणाला सल्ला देतात, देव जाणे.) मंडळाच्या यादीत सगळ्यांची पदं ठळक छापली आहेत. माझ्या ओळीत नुसतं 'ड्रेक्सलर', आणि त्याच्या अलीकडे एवढी मोकळी जागा की तिथे एक गाडी लावता आली असती.

आता खरं सांगतो. या हॉफराटीणबाई गेली चार वर्षं दर गुरुवारी संगीतसभा सुटली की माझ्या गाडीवर येतात. हातमोजे काढून पर्समध्ये ठेवतात, उभ्या उभ्या एक सॉसेज खातात, आणि किसलेला तिखट मुळा एवढा मागतात की शेजारचा बसचालकही डोळे पुसतो. गेल्या एप्रिलमध्ये, गाडीवर दुसरं कुणी नसताना, मी त्यांना विचारलं. म्हणजे तेच विचारलं. त्यांनी शेवटचा घास संपवला, बोटं पुसली आणि म्हणाल्या, "सहलीला या, श्रीयुत ड्रेक्सलर. मग बघू." अडचण तुमच्या लक्षात आलीच असेल. माझ्याशी लग्न केलं तर त्यांचं पद जातं. उद्यापासून हॉफराटीणबाई नाही, सौ. ड्रेक्सलर. आणि ड्रेक्सलर म्हणजे कोण? तो मुळा किसणारा.

पहिल्या दिवशी राजवाडा झाला. तिथली लाकडी जमीन खराब होऊ नये म्हणून बुटांवरून लोकरीच्या जाड सपाता घालाव्या लागतात. सपाता एकाच मापाच्या, म्हणजे घोड्याच्या. माझं वजन एकशे नऊ किलो आणि जमीन तीनशे वर्षं घासलेली. दारातून आत पाऊल टाकलं ते पाऊल मी उचललंच नाही, तेच मला घेऊन गेलं. आरशांच्या दालनातून मी उभ्याउभ्या असा सरकत गेलो, की भिंतीवरचे सगळे सम्राट एकामागून एक माझ्याकडे बघत मागे पडत होते. पुढच्या खोलीत एका सम्राटाने कधीकाळी एकच रात्र झोपलेला पलंग आहे. मी त्याच्या पडद्याचा गोंडा पकडून थांबलो. मी थांबलो, गोंडा थांबला नाही. (तो माझ्या खिशात आहे. घाबरलो तेव्हा खिशात गेला. पोस्टाने, नाव न घालता परत पाठवणार आहे.) दुपारी एका थोर संगीतकाराची घरं पाहिली. हा गृहस्थ एका घरात जन्मला, दुसऱ्यात आजारी पडला, तिसऱ्यात रुसला आणि चौथ्यात त्याने फक्त जेवण केलं. चारही घरांना संगमरवरी पाटी आहे. चारही ठिकाणी तोच पियानो आहे, आणि चारही मार्गदर्शक सांगतात की खरा हाच.

रात्रीच्या जेवणाला वेटर माझ्या चष्म्याकडे बघून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आधी सूप?" माझी काही हरकत नव्हती. इतक्यात तपासनीसीणबाई टेबलापलीकडून अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "ते डॉक्टर नाहीत हो. ते गाडी लावतात." वेटरने मला त्यानंतर सूप दिलं ते गारच.

आज सकाळी मिठाची खाण. खाली उतरायला गुळगुळीत लाकडी घसरगुंडी असते. मागे चामड्याचा तुकडा बांधायचा, एकापाठोपाठ एक घोड्यावर बसल्यासारखं बसायचं आणि पुढचीच्या कमरेला धरायचं. पण पुढे कुणी बसायचं यावर अर्धा तास गेला. खाणसंचालकीणबाई म्हणाल्या, खाण आहे म्हणजे मान माझा. तपासनीसीणबाई म्हणाल्या, सरकारी वर्गवारीत आमचे हे एक पायरी वर. शेवटी पदांच्या उतरत्या क्रमाने रांग लागली, आणि बिनपदाचा म्हणून मी सगळ्यांत मागे. एकशे नऊ किलो सगळ्यांत मागे ठेवणं हा निर्णय खाणकामगाराने कधीच घेतला नसता. त्याने तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात आम्ही निघालो. खाली पोचलो तेव्हा तिथे पदं नव्हती, नुसता ढीग होता. त्या ढिगातून एकच आवाज येत होता, तो हसण्याचा, आणि तो हॉफराटीणबाईंचा होता. दाजी, चार वर्षांत मी त्यांना हसताना पहिल्यांदा ऐकलं. डुकरासारखं हसतात. फार छान वाटलं.

पण दुपारी मठाच्या ग्रंथालयात घात झाला. छतावर चित्रांतल्या उघड्या देवदूतांची दाटी, खाली सत्तर हजार पुस्तकं, आणि बसायला एकही खुर्ची नाही. गुडघे बोलू लागले म्हणून मी एका कपाटाला टेकलो. ते कपाट नव्हतं. पुस्तकांच्या पाठी लाकडावर रंगवलेलं दार होतं, साधूंना मागच्या जिन्याने सटकायला केलेलं. (म्हणजे सटकणं त्या काळीही होतं.) दार आत गेलं, मी आत गेलो, दार लागलं. मी अंधाऱ्या जिन्यात पालथा, आणि पलीकडे, रंगवलेल्या पुस्तकांच्या अगदी समोर, दोन ओळखीचे आवाज. तपासनीसीणबाई विचारत होत्या, "अहो, पण उद्या लोक तुम्हाला हाक काय मारतील? सॉसेजवालीणबाई?" मी कान दाराला लावला. आणि हॉफराटीणबाईंनी उत्तर द्यायला सुरुवात केली, तेवढ्यात माझ्या डोक्यावर मठाची घंटा सुरू झाली. तीन वाजले होते, पण या साधूंना तीन वाजल्याचं सांगायला साडेतीन वाजेपर्यंत वेळ लागतो. घंटा थांबली तेव्हा पलीकडे कुणी नव्हतं. एकवीस वर्षं मी अख्ख्या लिंझचं ऐकलं, आणि माझ्याबद्दलचं एक वाक्य ऐकू आलं नाही. आता त्या समोरच्या टेबलावर आहेत. सुपात चमचा फिरवतात आणि खिडकीतून डोंगराकडे बघतात.

आता उद्यावर सगळं आहे. ही सहल मी राजवाड्यासाठी घेतली नव्हती, हे तुम्ही ओळखलं असेलच. माहितीपत्रकात शेवटचं ठिकाण आहे: 'हजार मीटर उंचीवरचं प्राचीन यात्रास्थान, संत ओसवाल्डचं देऊळ.' हजार मीटर, दाजी. तुम्ही डोंगरातले, तुम्हाला काय सांगायचं. हजार मीटरच्या वर आपल्याकडे पद नाही, श्रीयुत नाही, 'तुम्ही' नाही. न्यायाधीश असो की गुराखी, सगळे अरे-तुरे. तिथे पोचलो की मी त्यांना नावाने हाक मारणार. (नाव ठाऊक नाही. यादीत 'हॉफराटीणबाई ओ. लांपरेख्ट' एवढंच आहे. दोन दिवस मी मनातल्या मनात ओ-वरून नावं लावून बघतोय.) तिथे त्या 'तू' म्हणाल्या तर जिंकलो. 'श्रीयुत ड्रेक्सलर' म्हणाल्या तर गुरुवारी गाडीवर दुसरा माणूस उभा करीन.

ताईला माझा नमस्कार, गाईंना थाप.

तुमचा,
कास्पर

ता. क. पत्र लिहिण्याचं कारण राहूनच गेलं. तुम्ही दलाचे प्रमुख आहात. मला मानद कप्तान करता येईल का? खर्च नाही, फक्त एक कागद आणि शिक्का. पात्रतेबद्दल कुणी विचारलं तर गेल्या वर्षी दलाच्या सुवर्णमहोत्सवात खुद्द तुमच्या बंबानेच पेट घेतला, तेव्हा तो कुणी आणि कशाने विझवला हे आठवावं. बावीस लिटर सॉसेजचं पाणी होतं ते. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, आणि कप्तान झालेला माणूस तर ती मुळीच सांगणार नाही.

ता. क. २. रविवार, दुपारी, बसमधून. अक्षर वळणांमुळे असं आहे. देवळापाशी उतरलो तर दारावर पितळी पाटी: 'समुद्रसपाटीपासून ९९६ मीटर'. माहितीपत्रकवाल्याने चार मीटर पदरचे घातले होते. तपासनीसीणबाईंनी पाटी मोठ्याने वाचली, दोनदा, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे आपण सगळे जिथल्या तिथेच, नाही का, श्रीयुत ड्रेक्सलर?" मी टोपी काढून हातात धरून उभा. वेदी बघितली, बघितली म्हणजे तिच्या दिशेला तोंड होतं. मग लक्षात आलं की हॉफराटीणबाई आत नाहीत. घंटेच्या मनोऱ्याचं दार उघडं होतं, आणि वरून बुटांचा आवाज येत होता, मोजून टाकल्यासारखा. मग आवाज थांबला. मग हाक आली, देवळात सगळ्यांना ऐकू जाईल अशी:

"अरे कास्पर, वर ये. किती वेळ लावतोस?"

गुडघे विसरलो. तेविसाव्या पायरीवर ती बसली होती, हातमोजे मांडीवर. म्हणाली, बावीसला चार मीटर होतात, एक खात्रीसाठी जास्त. मी विचारलं, ग्रंथालयात काय उत्तर दिलंस? ती म्हणाली, "सांगितलं, हे गेल्यापासून सात वर्षांत मला नावाने कुणीच हाक मारलेली नाही. बघू, हा मारतो का." मी म्हटलं, मारीन गं, पण आधी सांग तरी. ओटिली. माझ्या यादीत ते नव्हतं. मग मी पुन्हा तेच विचारलं, एप्रिलमधलं, आणि ती हो म्हणाली. खालून तपासनीसीणबाईंनी विचारलं, वर काय चाललंय. ओटिलीने ओरडून सांगितलं, "वर ये गं, तुलाही सांगते." त्या आल्या नाहीत.

ता. क. ३. आता कागदाची गरज उरली नाही असं वर लिहिणार होतो. पण आम्ही तेवीस पायऱ्या उतरलो, आणि शेवटच्या पायरीवर ती हातमोजे चढवत म्हणाली, "चला, श्रीयुत ड्रेक्सलर, बस थांबली आहे." लग्न ठरलं आहे, पण हजार मीटरच्या वर. लिंझ, दाजी, दोनशे सहासष्ट मीटरवर आहे. तेव्हा कागद शिक्क्यासह उलट टपाली पाठवावा. परतीच्या वाटेवर तिने दोनदा विचारलं आहे, कप्तानाच्या कोटाला सोनेरी बटणं किती असतात.