डावीकडून सातवा

जुनी शाळा, मागची खोली
२६ मार्च

प्रिय गनफादादा,

तुला आणि साइच्यू वहिनींना नमस्कार. तुझा खोकला आता थांबला असेल असं धरून चालतो. माझा गुडघा ऊन वाढेल तसा सुधारतोय. शाळेच्या बांधावर नागदवणा फुटलाय. येत्या पितरांच्या सणाचे हिरवे उंडे करायला बायका टोपल्या भरभरून खुडून नेताहेत.

फोन तू उचलत नाहीस. जानेवारीत दोनदा दारापर्यंत आलो, तर वहिनींनी खिडकीतून पाहिलं आणि पडदा ओढला. त्यांचं काही चुकलं नाही. म्हणून पत्र लिहितोय. हे सुनेकडून वाचून घेऊ नकोस. चष्मा लाव आणि हळूहळू का होईना, स्वतः वाच.

गेल्या महिन्यात दिव्यांच्या सणाला मी गावात होतो. तू मला पाहिलं नाहीस. दुपारी कुलमंदिरासमोर मिरवणुकीतल्या लाकडी नागाच्या फळ्या जोडणं चाललं होतं. प्रत्येक घराची एक फळी, तिच्यावर त्या घराचा कंदील, फळीला फळी खुंटीने अडकवलेली. तू तुमची फळी खांद्यावर घेऊन आलास. तू स्वतः कोरलेली, कडेला कमळं असलेली. आणि फळ्या जोडणारा म्हणाला, "गनफाकाका, यंदा राहू द्या. ज्या घराचा हात सुटला त्याची फळी मधे घेतली तर पोरं घाबरतील." फळी तशीच उचलून परत गेलास.

मी दारूच्या दुकानाच्या भिंतीआड उभा होतो. चाळीस वर्षं ज्याचं तोंड कोणी बंद करू शकलं नाही, तो मी. गावच्या पुलासाठी, शाळेच्या छपरासाठी अधिकाऱ्यांच्या अंगावर धावून गेलेला मी. त्या दिवशी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. का फुटला नाही, ते सांगायला बसलोय, आणि बघ, अजून नागदवण्याच्या गोष्टी करतोय.

माझं वेड तुला ठाऊक आहे. तुझ्या कोरीवकामाच्या शेडमधे आपण टीव्हीवर त्या देवादानवांच्या मालिका बघायचो आणि मी शिव्या घालायचो. सेनापतीच्या पाठीशी एवढा तट आहे, तर सैन्य तटाबाहेर कशाला उभं केलंय? घोडदळ आधी पाठवून मग तोफगोळे कोणावर टाकणार, स्वतःच्याच घोड्यांवर? दोन सैन्यं भिडली की लगेच रांगा मोडतात आणि जो तो आपापली कुस्ती खेळतो, असं कुठे असतं? तुझा लेक हायपिंग लाकूड तासता तासता हसायचा. "मास्तर, तो माणूस ढगावर बसून आलाय, आणि तुम्ही त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण का नाही म्हणून भांडताय."

मी म्हणायचो, "ढगावर बसू दे. खाली उतरला की त्याला जमिनीचे नियम."

चित्रनगरीतल्या त्या कंपनीने मला युद्धप्रसंगांचा सल्लागार म्हणून बोलावलं, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद हायपिंगला झाला होता. दिग्दर्शिका फांग बाई तरुण, हुशार. पहिल्याच बैठकीत मी दीड तास बोललो. म्हणालो, खोटी लढाई दाखवणं हा साधासुधा खोटेपणा नाही. पडद्यावर एक नायक शंभर माणसं कापतो आणि बघणाऱ्याला वाटू लागतं की ती शंभर माणसं कापून घ्यायलाच जन्मली होती. खरी लढाई त्या शंभरांची असते. ती रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या पायांत असते, नायकाच्या तलवारीत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फांग बाई म्हणाल्या, "गुरुजी, नायकाला शिरस्त्राण घालणार नाही. चेहरा झाकला तर त्याला ओळखणार कोण? पण सैनिकांचं तुमच्या मनासारखं करू." म्हणून सैनिकांना गालपट्ट्यांची पूर्ण शिरस्त्राणं मिळाली. मला फार समाधान वाटलं होतं.

दादा, ते भाषण मला आजही खरं वाटतं. त्या शंभरांतला एक मी खर्च केला, तरीही.

मुख्य प्रसंग असा होता. सपाट मैदान, समोरून चाळीस घोडे, आणि त्यांच्यासमोर लांब भाल्यांची रांग. मालिकांत नेहमी घोडे रांगेत घुसतात आणि माणसं हवेत उडतात. मी म्हणालो, हे थोतांड आहे. घोडा शहाणा असतो. भाल्यांची भिंत हलली नाही, तर तो तिच्यावर जात नाही. तो थबकतो, वळतो. रांग उभी राहिली की लढाई तिथेच संपते, आणि हे आजवर कोणी दाखवलेलं नाही.

रोजावर आणलेली माणसं दोनदा पांगली. टापांचा आवाज आला की भाले टाकून पळायची. त्यांचा काय दोष? एकमेकांची नावंही त्यांना ठाऊक नव्हती. तेव्हा मला आपल्याच डोंगरांतला तो जुना सेनापती आठवला. साडेचारशे वर्षांपूर्वी त्याने इथून माणसं उचलली ती गावंच्या गावं. भावाशेजारी भाऊ, शेजाऱ्याजवळ शेजारी, कारण ओळखीच्या माणसासमोर कोणी पळत नाही. मी फांग बाईंना म्हणालो, माझ्या गावची तीस माणसं आणतो. दरवर्षी नागाच्या फळ्या वाहतात. हात सोडणं त्यांना ठाऊक नाही.

हायपिंगला मी पहिला निवडला. आदल्या वर्षी तळ्याच्या वळणावर अख्ख्या नागाचा हिसका त्याच्या फळीवर आला होता. तळहाताची सालटी निघाली, पण त्याने फळीचा दांडा सोडला नाही. तूच मला ते हात दाखवले होतेस. अभिमानाने.

आता घोडेवाल्याबद्दल. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही.

चाओलू त्याचं नाव, उत्तरेच्या गवताळ मुलुखातला माणूस. त्या दिवशी सकाळी जेवणाच्या तंबूत तो माझ्या समोर येऊन बसला. म्हणाला, "गुरुजी, तुम्ही म्हणता ते खऱ्या घोड्याचं खरं आहे. हे घोडे खरे नाहीत."

"म्हणजे कसे?"

"आठ वर्षं रबरी टोकांच्या भाल्यांतून पळताहेत. भाला वाकतो हे त्यांना कळलंय. माणूस बाजूला होतो, हेही. रांग मधोमध फुटायला सांगा. नेहमी तसंच करतो आम्ही."

"तेच तर खोटं आहे. तेच मोडायला मी इथे आलोय."

"माझ्या हातात लगाम आहेत म्हणून सांगतोय. ऐन वेळी मी किती घोडे आवरू? बाकीच्या स्वारांतले निम्मे तर नवीन आहेत."

त्यावर मी जे बोललो ते भर तंबूत, मोठ्याने, चार लोक ऐकतील असं. म्हणालो, "तुमच्या घोड्यांच्या सवयीसाठी मी दोन हजार वर्षांचा इतिहास बदलू का?" लोक हसले. चाओलूने वाटीतला भात संपवला आणि तो उठून गेला.

आपली पोरं जागा घेत होती तेव्हा हायपिंग शिरस्त्राण बांधता बांधता मला म्हणाला, "मास्तर, आणि घोडा थांबला नाही तर?"

मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "तू थांबलास तर तो थांबेल."

तो म्हणाला, "बरं." एवढंच. चौथीत पाढा चुकला की म्हणायचा ना, तसंच.

मी लाकडी मचाणावर होतो, हातात कर्णा. भर दुपारचं ऊन, धुरळा. घोडे निघाले. मी ओरडत होतो, "उभे राहा, कोणी हलू नका." आणि दादा, कोणी हललं नाही. तीसच्या तीस. डावीकडून सातवा हायपिंग, वहिनींनी मनगटाला बांधून दिलेलं निळं छापील फडकं मला वरून दिसत होतं. चाओलूने घोडे वळवले, त्याच्या बाजूचे वळलेही. मधले पाच वळले नाहीत. त्यांना भाले दिसलेच नाहीत रे. त्यांना दिसली नेहमीची वाट, थोड्या वेळाने उघडणारी. भाला हायपिंगच्या हातात कमानीसारखा वाकला. त्याने तो शेवटपर्यंत सोडला नाही.

शेजारच्या कोणाला काही दिसलं नाही, कारण डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना गालपट्ट्या होत्या. माझ्या आग्रहाच्या.

संध्याकाळी कंपनीच्या माणसाने कागद पुढे केला. अत्यंत नम्र माणूस. "गुरुजी, चौकशी होईल. रांग तुम्ही लावली होती. आता रांग चुकीची होती असं लिहायचं, की एक माणूस जागा सोडून पुढे सरकला असं?" मी कागद वाचला. त्यात लिहिलं होतं, सूचना असूनही मृत इसमाने घाबरून जागा सोडली. मी सही केली.

भीतीने केली असं म्हणालो तर ते सोपं होईल. भीती होतीच. पण खरं कारण त्याहून वाईट आहे. सही करताना मला ते पटलं होतं. रांग उभी राहिली तर घोडा थांबतो, हे मी चाळीस वर्षं शिकवलं. घोडा थांबला नाही, म्हणजे कोणीतरी हललं असणार. माझं म्हणणं खरं राहावं म्हणून मी तुझ्या मुलाला हलवला. मेल्यावर.

आणि गावाने विश्वास ठेवला, कारण सही मास्तरांची होती.

मागच्या आठवड्यात मालिकेची जाहिरात आली. "प्रथमच, अस्सल रणनीती." त्यात ती रांग आहे. समोरून घेतलेली, घोडे पोचण्याच्या एक पाऊल आधीपर्यंत. सातव्या माणसाच्या मनगटावर निळं फडकं आहे आणि त्याचे पाय जमिनीत रोवलेले आहेत. आता हे कोणाच्याही नजरेला पडेल. उघडं पडण्याच्या भीतीनेच मी हे पत्र लिहीत असेन. तसं असेल तर तेही तुला कळू दे. तू ती जाहिरात बघ किंवा बघू नकोस. वहिनींना विचारल्याशिवाय दाखवू नकोस.

काल जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन नवा जबाब दिला. कारकून म्हणाला, "सहा महिन्यांनी आठवलं का, मास्तर? वय काय तुमचं?"

"अडुसष्ट."

"मग विसरायला होतंच."

"विसरलो नव्हतो," मी म्हणालो. "म्हणूनच आलोय." त्याने शिक्का मारला. प्रत सोबत जोडली आहे. चाओलूचं नाव त्यात आहे, त्याने मला सांगितलं होतं हेही आहे. त्याला नोकरीवरून काढून परत पाठवलंय. त्यालाही लिहिलं आहे.

पितरांच्या सणाला सगळी भावकी कुलमंदिरात जमेल. तिथे मी उभा राहणार आहे. भाषण करणार नाही, माझी भाषणं तू माझ्याइतकीच ओळखतोस आणि मला आता त्यांची शिसारी येते. चार वाक्यं आहेत. हायपिंग जागेवरून हलला नाही. मी खोटी सही केली. घोडेवाल्याने मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. तू ये किंवा येऊ नकोस, माफ कर असं मी म्हणणार नाही, आणि तू केलंस तर मला ते कुठे ठेवायचं कळणार नाही.

एक मागणं आहे. माझ्या घराची फळी कुलमंदिराच्या माळ्यावर आहे. मला मूलबाळ नाही, ती वाहायला कोणी नव्हतं, म्हणून अकरा वर्षं हायपिंगच दुसरा गडी लावून ती आपल्या फळीमागे जोडून घ्यायचा. पुढच्या वर्षी ती काढून टाका. तिची खुंटी तेवढी ठेव, चांगल्या कापुराच्या लाकडाची आहे. तुमच्या फळीला बसेल.

रांगेबाहेर, उंचावर, सुखरूप उभा होता तो,
शुचिंग