झऱ्यावरचा दगड

तोंडाने जागा सांगायला काय झालं होतं तुला, बाबा? एवढा डोंगर पायाखाली घातलास, भर उन्हाळ्यात पाणी कुठं जिवंत राहतं ते तुला एकट्याला ठाऊक, आणि मागे ठेवलंस काय, तर एक दगड. "ह्याच्या खाली खणा, लागेल." झालं. आता तो दगड माझ्या उरावर बसलाय.

विद्यापीठाची इंजिनियरिंगची पोरं पाड्यावर येतात. खर्डी स्टेशनला उतरतात, रिक्षा करतात. जमिनीत सळया ठोकून वायरी जोडतात, करंट सोडतात, खाली पाणी आहे का ते मशीनवर बघतात. त्यांच्या प्रोजेक्टातून आपल्याला विहीर मिळणार आहे. एकच. धरण समोर दिसतं आणि आमी टँकरमागे हंडे घेऊन धावतो. मशीनने दोन जागा दाखवल्या, एक वरती, एक खाली. त्यांच्या मॅडमने विचारलं, "मावशी, इथं पूर्वी कोणी पाणी बघायचं का?" मी पुढं होऊन तुझा दगड दाखवला, खालच्या जागेवरचा. शेजारीण म्हणते, "बाप गेला, पण लेकीचा तोरा नाय गेला गो!" सगळ्या हसल्या. पोरांनी तिथं चुना मारला. शनिवारी खणायला मशीन येतंय.

तुला आठवतंय का, तुझ्या शेवटच्या पावसाळ्यात तू जांभळीखाली उभा राहून ओरडत होतास, "दगड कोणी हलवला?" मी चुलीशी भाकर थापतेय. हात न थांबवता म्हणते, काकाची म्हैस घासली असंल. तू काकाशी बोलणं टाकलंस. उन्हाळ्यात ओल बघून परत ठेवीन म्हणालास, आणि भातकापणीच्या आधीच गेलास. तुझ्या मयताला काका लांब बांधावर उभा होता. सख्खा भाऊ.

म्हैस नव्हती, बाबा. मी होते. धुणं आपटायला सपाट दगड पायजे होता, ढकलत ढकलत जांभळीच्या सावलीला नेला. किती पावलं, कुठून, काय आठवत नाय. जांभूळ पण तुटली. वरच्या जागेवरून नेला असंल, पण नुसतं 'असंल' म्हणून विहीर खणतात का? मॅडम म्हणाली होती, जागा पक्की नसेल तर विहीर तिकडे देऊ, पलीकडचा पाडाही वाट बघतोय. म्हणून गप्प बसलेय. पोरांच्या कोऱ्या फॉर्मच्या मागे हे खरडतेय, आणि तुझ्यापर्यंत पोचवायला कुठली टपालपेटी नाय.

शुक्रवारपर्यंत सांग, वरची का खालची. स्वप्नात ये, अंगात ये, कसा पण ये. नाय आलास तर शुक्रवारी दिवेलागणीला मी आधी काकाच्या दारात जाणार आणि मग मॅडमला फोन लावणार. विहीर गेली तर गेली. पण शुक्रवारपर्यंत तू सांग.