रस्ता कुणाचा?

४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण आई. ती मला रोज ऐकवते, की दादा राजधानीत असतो, दादाला लिही, दादाच्या वरपर्यंत ओळखी असतील. तुझ्या ओळखी लिफ्टच्या तारांशी आणि ग्रीसच्या डब्यांशी आहेत, हे मी तिला सांगून पाहिलं. त्यावर ती म्हणाली, लिफ्ट सरकारी इमारतींतल्याच आहेत ना, मग झालं तर! तेव्हा लिहिते आहे. मनापासून नाही, हे तुला कळलंच असेल.

बाबांना अर्धांगाचा झटका आल्यावर आपण घरासमोरचं शुश्रूषागृह निवडलं ते एवढ्यासाठीच, की आईला रस्ता ओलांडला की झालं. आता रस्ता रुंद केला आहे. मधोमध लोखंडी कठडा घातला आणि पायी जाणाऱ्यांचे पांढरे पट्टे पुसून टाकले. पलीकडे जायचं तर पार चौकातल्या पुलाचे जिने चढा आणि उतरा. आईचे गुडघे तुला माहीत आहेत. ती आपली गॅलरीत बसते आणि समोरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीकडे बघून हातातलं फडकं हलवते. बाबांना ते दिसतं की नाही, देव जाणे. रविवारी हे तिला गाडीने लांबून वळसा घालून नेतात, तेवढीच भेट.

माझं पार्लर पलीकडच्या बाजूला, म्हणून सकाळी दुकान उघडण्याआधी मी बाबांना भरवून जाते. डाव्या बाजूने चावता येत नाही, उजवीकडे घास द्यावा लागतो. सवय झाली आहे.

नगरपालिकेत जाऊन आले. चौकशीच्या खिडकीतला माणूस म्हणाला, रस्ता आमचा नाही, आम्ही तो फक्त झाडतो. मग कुणाचा, तर राज्य सरकारचा. राज्य सरकार कुठे भेटेल असं विचारलं, तर त्याने बोट वर केलं. मी वर पाहिलं. पंखा होता.

तर तुझ्या त्या वरच्या ओळखी जरा वापरून बघ. आईला बरं वाटेल.

वहिनींना नमस्कार. लोभ आहे तो असू द्यावा.

तुझी,
खार

१५ फेब्रुवारी

चि. सौ. खारुताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ग्रीसच्या डब्यांतर्फे उत्तर देतो आहे.

आधी राज्य सरकारच्या मदत क्रमांकावर फोन केला. बराच वेळ संगीत ऐकलं. मग एका बाईंनी माझी सगळी कथा शांतपणे ऐकून घेतली आणि मला बस वाहतूक खात्याला जोडून दिलं. तिथल्या गृहस्थांना वाटलं, मी बस चुकल्याची तक्रार करतो आहे. मी नाद सोडला.

पण आईचा आशीर्वाद म्हण किंवा काही म्हण, गेल्या आठवड्यात रस्ते खात्याच्या इमारतीतली लिफ्ट कुरकुरायला लागली आणि मला बोलावणं आलं. दुरुस्ती झाल्यावर मी चाचणीसाठी वरखाली करत होतो, तर मुख्य अभियंतेच आत शिरले. हातात पाना, कपाळावर काळा डाग, अशा अवतारात मी त्यांना आईचा रस्ता सांगितला. माणूस सज्जन. मजला आला तरी दार धरून उभे राहिले. म्हणाले, हे काम इथून होतच नाही. राज्याचा रस्ता गावातून जात असेल तर पट्टे आणि सिग्नल कुठे द्यायचा हे जिल्ह्याचा कार्यकारी अभियंता ठरवतो. मात्र सिग्नलची वीज आणि बाजूचा फूटपाथ नगरपालिकेचा, त्यामुळे पालिकेचं पत्र लागतं. आणि ते पत्र तुमच्या वॉर्डाच्या नगरसेवकाने पाठपुरावा केल्याशिवाय हलत नाही. म्हणजे दोन्ही दारं ठोठावावी लागणार.

खात्याच्या वेबसाइटवर मी कार्यकारी अभियंत्याच्या कचेरीचा पत्ता शोधला. वाचून हसायलाच आलं. ती तुझ्या पार्लरच्या मागच्या गल्लीत आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा! स्वतः जा, सकाळी जा. अर्ज दिल्यावर आवक क्रमांक मागून घे. नाहीतर अर्ज दिला होता याला पुरावा फक्त तू.

आता माझं थोडं. परवा नर्सने बाबांच्या कानाला फोन लावून दिला. मी म्हटलं, बाबा, मी दादा. ते म्हणाले, खार आली का? मी परत म्हटलं, बाबा, मी दादा बोलतोय. तर म्हणाले, हो हो, पण खार आली का? मी म्हटलं, येईल. मग आम्ही दोघेही फोन धरून तुझी वाट बघत बसलो. तू लिहितेस की भरवायची सवय झाली. असं सहज लिहू नकोस, बाई. इथे वाचताना टोचतं.

जावईबापूंना नमस्कार. कळावे.

तुझा,
दादा

२० एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आधी काम सांगते, मग राग.

मागच्या गल्लीतल्या कचेरीत गेले. साहेब फिरतीवर होते. फोन करून या म्हणाले. मी पार्लरमधून फोन केला, तर घंटा मला मागच्या खिडकीतून ऐकू यायला लागली. कुणी उचलेना. शेवटी गिऱ्हाइकाच्या डोक्याला रंग लावून तिला तशीच बसवली आणि धावत गेले. साहेब म्हणून आत गेले तर निघाल्या बाई. माझ्याच वयाच्या, बुटांना डांबर लागलेलं. तू सांगितलंस तेच त्यांनी सांगितलं: पालिकेचं पत्र आणा, मी जागेवर येऊन पाहते.

आता आपल्या वॉर्डाची नगरसेविका कोण आहे ठाऊक आहे? माझ्या वर्गातली ती पहिल्या बाकावरची. हुशार, नीटनेटकी, बाई वर्गात यायच्या आत फळा पुसणारी. आणि इतकी वर्षं केस कापायला दुसरीकडे जाणारी! तिच्यासमोर अर्ज घेऊन बसायचं माझ्या अगदी जिवावर आलं होतं. दर गुरुवारी ती लोकांना भेटते. रांगेत बसले. माझा नंबर आल्यावर तिने अर्ज वाचला आणि विचारलं, की सगळ्यात आधी माझ्याकडे का नाही आलीस? काय सांगणार? पण पोरीने काम केलं. सभेत विषय मांडला, अडलेलं पत्र टेबलाटेबलावरून स्वतः उचलून पुढे नेलं. मी प्रत्येक गुरुवारी तिथे हजर. दुकानाची दोन गिऱ्हाइकं तुटली, असू दे.

आणि काल त्या दोघी जागेवर आल्या. इंजिनिअरबाईंनी फीत धरली, नगरसेविकेने रहदारी थांबवली. जागा ठरली, अगदी आपल्या फाटकासमोर. सिग्नल मंजूर! मला तर नाचावंसं वाटत होतं. तेवढ्यात आई जिना उतरून आली. म्हटलं, आता ही माझ्याकडे बघेल. तिने इंजिनिअरबाईंचे हात धरले आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की माझा मुलगा राजधानीत असतो, तो मोठ्या साहेबांशी बोलला, हे सगळं त्याचं काम.

इंजिनिअरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. नगरसेविकेनेही पाहिलं. तिचं ते पाहणं मी जन्मात विसरणार नाही. मी तडक दुकानात गेले आणि एका गरीब बाईची झुलपं भुवईच्या वर कापून ठेवली.

तुझा दोष नाही, कळतं मला. पण मी धावधाव धावायचं आणि तू लिफ्टमध्ये उभं राहायचं, आणि वर मात्र तूच पोहोचायचंस, हे लहानपणापासून असंच चालू आहे.

लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

खार

६ जून

चि. दादास,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन झाल्यावर दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. समोरासमोर मला नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

सिग्नल सुरू झाला. खांबाला बटण आहे. मी दाबलं, हिरवा माणूस लागला, तरी खात्री म्हणून पुन्हा दाबलं. सगळ्या गाड्या माझ्यासाठी थांबल्या. सावकाश गेले, मधे कठड्याच्या फटीशी जरा टेकले, आणि पोहोचले. कुणाचा हात धरला नाही.

हे खिडकीशी बसले होते. केस कानांवर आले आहेत. मला बघून काय म्हणाले असतील? खार आली का. मी म्हटलं, मी आलेय. नर्स चांगली आहे, पण बोलते फार. म्हणाली, तुमच्या मुलीच्या हातूनच जेवतात हो, दुसऱ्या कुणाला दाद देत नाहीत. मी चमचा घेतला तर यांनी तोंड मिटलं. माझ्यासमोर! मीही उठले नाही. चमचा धरून बसले. हात दुखायला लागला तेव्हा कुठे तोंड उघडलं. सगळं जेवले.

तू फोनवर रागावलास, की सगळं खारीने केलं आणि तू नाव माझं सांगितलंस. हो, सांगितलं. कुणी केलं ते मला काय दिसत नव्हतं? पण तिचं नाव तर सगळीकडे आहेच. यांच्या तोंडी तिचं, नर्सच्या तोंडी तिचं. एवढे महिने मी गॅलरीत बसून फडकं हलवायची आणि समोरच्या खिडकीत मला दोन डोकी दिसायची, जवळ जवळ. लेक गुणाची आहे. तिच्यासारखी कुणाला मिळायची नाही. पण नवरा माझा आहे रे. त्याच्याकडे जायचा रस्तासुद्धा तिनेच दिला, असं मी चार लोकांत म्हणू? तुझं नाव सोपं होतं, तोंडात आलं, घेतलं.

तिला सांगितलंय, सकाळी येत जाऊ नकोस, तुला दुकान आहे. हे पत्रातलं काही तिच्या कानावर घालू नकोस. सूनबाईला आशीर्वाद. जपून राहा, लिफ्टच्या खाली डोकं घालू नकोस.

तुझी,
आई

१४ जून

चि. सौ. खारुताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही, म्हणजे राग शाबूत आहे. आईने तुझं सकाळचं येणं बंद केलं हे कळलं. तू त्याचा जो अर्थ लावला असशील तो नसावा, एवढंच म्हणतो. जास्त विचारू नकोस.

मी आईला स्पष्ट सांगितलं, की माझं काम लिफ्टमधल्या सहा मजल्यांचं, बाकी सगळी खार. तर ती काही बोललीच नाही. आईला गप्प बसलेली तू कधी ऐकली आहेस?

तुम्ही दोघी एका चमच्यावरून भांडता आहात, आणि खरं सांगू, मला तुमच्या भांडणाचाही हेवा वाटतो. माझ्याशी तिथलं कुणी कशावरून भांडतच नाही. पाहुण्याशी कोण भांडतं? एकदा रविवारी जा. चमचा मागू नकोस.

तुझा,
दादा

२३ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी गेले. चमचा मागितला नाही.

माझी खुर्ची होती तिथे आई बसली होती. मला म्हणाली, बस, आणि पायथ्याकडचा स्टूल दाखवला. फळं घेऊन आलेल्या पाहुण्यांसारखी मी बसले. ती घास उजवीकडे देत होती. कुणी सांगितलं असेल तिला? मी तर नाही. बाबा मुकाट्याने जेवत होते. तिने त्यांची हनुवटी पुसली, तेव्हा तो रुमाल तिच्या हातातून ओढून घ्यावासा वाटला, आणि मला माझीच लाज वाटली. आईचा हेवा! आणि तोही तिच्याच नवऱ्यावरून! मग एकदम लक्षात आलं, की ती गॅलरीत बसून एवढे महिने काय बघत होती. तू विचारू नकोस म्हणालास, ते हेच ना? आता सांगू नकोस. मला कळलं ते कळलं.

मी उठणार होते. तेवढ्यात आई माझ्याकडे न बघता म्हणाली, कात्री आणली आहेस का? यांचे केस बघवत नाहीत. मी म्हटलं, पिशवीत असतेच. ती म्हणाली, मग कर, ते मला जमत नाही, ते तुझं. आणि स्वतः खुर्ची सोडून बाजूला झाली. गळ्याभोवती चादर तिने गुंडाळली, केस मी कापले, आरसा तिने धरला. बाबांनी बराच वेळ आरशात पाहिलं आणि विचारलं, हा कोण? आई म्हणाली, माझा आहे. मग माझ्याकडे एकदा बघून म्हणाली, आमचा.

नगरसेविका कालच पार्लरमध्ये आली होती. खुर्चीत बसली आणि म्हणाली, बारीक कर, पण झुलपं भुवईच्या खाली ठेव. बातमी गावभर झालेली दिसते. तिचे केस मात्र मी फार छान कापले, कबूल कर म्हटलं तर तीही करेल.

आता तुझं काम. केस झाल्यावर मी बाबांची दाढी करायला वस्तरा काढला, तर आईने माझा हात धरला. म्हणाली, दाढी राहू दे, ती दादाची. मी विचारलं, तो येणार कधी? ती म्हणाली, दाढी वाढली की येईल. बाबांनी मान हलवली. होकार होता की डुलकी, सांगता येत नाही. तेव्हापासून नर्सलाही हात लावायला बंदी आहे. बाबा खाजवतात, आई कुरकुरते, पण हटत नाही. रजा टाक आणि ये. येताना पाना नको, साबण आण.

वहिनींना घेऊनच ये. लोभ खुशाल वाढू द्यावा. दाढी फार वाढू देऊ नये.

तुझी,
खार