सुरकुतलेली बोटं

बुधवार, संध्याकाळ. तुमसर.

त्वचेच्या थरांची इंग्रजी नावं तोंडात बसत नाहीत, म्हणून पार्लरचा क्लास आज सोडायचाच असं ठरवून गेले होते. सगळ्या विशीतल्या, मी एकटीच चाळिशीची.

मॅडमनी विचारलं, "पाण्यात बोटं का सुरकुततात?"

पोरी म्हणाल्या, कातडी पाणी पिते.

माझ्या तोंडून निघूनच गेलं, "पकडीसाठी, मॅडम! रोवण्यात दिवसभर हात चिखलात रायते. बोटं सुरकुतली का धानाचं ओलं रोप निसटत नाही."

"अगदी बरोबर! मज्जातंतूच घडवतात ते," मॅडम म्हणाल्या.

हीच खरबरीत बोटं पहिल्या दिवसापासून पदराखाली लपवत होते. काहून बरं?

क्लास सोडायचं राहूनच गेलं.

घरी यांनी विचारलं, "काय शिकून आली आज?"

म्हटलं, "आज मी शिकवून आली!"