कानबाईखालचा सतरा इंची खोका

ता. शहादा, जि. नंदुरबार
श्रावणातला बुधवार

प्रिय शालक भूपेशराव यांस,

तुमच्या थोरल्या बहिणीच्या एकुलत्या एका नवऱ्याचा रामराम. तब्येत कशी आहे? मागे मानेला पट्टा लावून फिरत होता, तो सुटला का? (दिवसभर कॉम्प्युटरपुढे मान वाकवून पट्टा लावून घेणाऱ्या माणसाने स्क्रीन केवढा घ्यावा याचा सल्ला दुसऱ्याला द्यावा, हे मला पहिल्यापासून पटलेलं नाही. पण ते पुढे येईल.) इकडे पपई बरी आहे, मिरचीची लागवड झाली, म्हैस बरी आहे. निर्मला माझ्याशी दोन दिवस बोलत नव्हती, काल बोलली, म्हणजे तीही बरी. फोन असताना पत्र का, असं तुम्ही म्हणाल. फोनवर मी बोलायला लागलो की तुमची बहीण शेजारी येऊन उभी राहते आणि माझं वाक्य अर्ध्यावर आलं की दुरुस्त करते. शिवाय जावयाला सासरच्या माणसाला खडसवायचं असेल तर ते लेखी असावं, असं माझे वडील म्हणत. म्हणून काजलच्या बारावीच्या वहीची कोरी पानं फाडून लिहायला बसलो आहे.

विषय लॅपटॉपचा. तुमच्या भाचीला तुमच्याच पुण्याच्या कॉलेजात सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगला नंबर लागला, आणि घरापासून सतरा किलोमीटरवरच्या कॉलेजातही जागा मिळत होती. कोणतं घ्यायचं ते कालच्या मंगळवारपर्यंत नक्की करायचं होतं. बाप म्हणून मी दोन्हींना सारखाच राजी आहे, असं मी गावात सगळ्यांना सांगत होतो. तेवढ्यात तुमचा फोन आला. चौदा इंची घे, हलका असतो, बॅगेत मावतो, हॉस्टेलच्या टेबलावर बसतो, बॅटरी टिकते, पुढे वाटलंच तर वेगळा मोठा मॉनिटर जोडता येतो, असं तुम्ही पोरीला सांगितलं. भूपेशराव, ‘हॉस्टेल’ हा शब्द तोवर आमच्या घरात कोणी तोंडातून काढला नव्हता. तो तुम्ही स्क्रीनच्या आडून आत सोडला आणि फोन ठेवून दिला.

मी त्याच मिनिटाला सतरा इंचाचा पक्ष धरला. कारणं माझ्याकडे भरपूर होती. पोरीच्या डोळ्यांना त्रास नको. प्रोग्रामच्या ओळी लांब असतात, त्या तुटू नयेत. एका बाजूला प्रोग्राम आणि दुसऱ्या बाजूला त्याचं उत्तर असं शेजारी शेजारी दिसायला हवं (हे काजलच एकदा बोलता बोलता म्हणाली होती, ते मी लक्षात ठेवलं). आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे आपल्याकडे लेकरासाठी जे काही घ्यायचं ते वाढत्या मापाचं घ्यायचं असतं. तिचा पहिलीचा गणवेश तिसरीपर्यंत पुरला. पाचवीतल्या बुटांत पुढे कापूस घातला होता, तो सातवीत काढला. मग शिक्षण चार वर्षांचं. पहिल्या वर्षाला चौदा इंच पुरतीलही, चौथ्या वर्षाला काय करायचं? हे मी तिला समजावून सांगितलं तर म्हणते कशी, “पप्पा, मी काय तो आंगमा घालस का?” निर्मला हसली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

तुमच्यापासून काय लपवायचं? माझ्या मनातला हिशोब साधा होता. सतरा इंची म्हणजे जड. जड वस्तू रोज खांद्यावरून कोणी नेत नाही, ती टेबलावर राहते. टेबल आमच्या घरात आहे. लॅपटॉप टेबलावर राहिला तर पोरही त्याच्यापाशी राहील, सकाळी बसने कॉलेजला जाईल आणि संध्याकाळी भाकरीच्या वेळेला घरात असेल. यातलं एक अक्षरही मी कोणाला बोललो नाही. मी फक्त डोळ्यांबद्दल बोलत राहिलो.

काजलने मोबाईलवर शोधून सांगितलं की सतरा इंचीचं वजन दोन किलो सातशे ग्रॅम भरतं. मी म्हणालो, हे काय वजन झालं? ओल्या मिरचीची पोती उचलणाऱ्या घरातली पोर तू! आणि तिथल्या तिथे सिद्ध करून दाखवायचं ठरवलं. तिची शाळेची बॅग घेतली आणि तीत बरोबर दोन किलो सातशे भरेल असं काय घालावं म्हणून घरभर पाहिलं, तर निर्मलेने वर्षाचं तिखट दळून किलो-किलोच्या पिशव्या बांधून ठेवलेल्या होत्या. तीन पिशव्या घेतल्या, एकीतून थोडं काढलं, काट्यावर ग्रॅम न् ग्रॅम जुळवला, बॅग पाठीला लावली आणि फाट्यापर्यंत चालत जाऊन यायला निघालो. येऊन-जाऊन तीन किलोमीटर. (त्या बॅगेत दहावीच्या कंपासपेटीतलं कर्कटक तसंच पडून होतं, हे मला कोणी सांगितलं नाही.)

जाताना झकास गेलो. श्रावणातलं पावसाने उघडीप दिल्यावरचं ऊन तुम्हाला माहीत आहे, फाट्याला पोचेपर्यंत सदरा घामाने चिंब झाला. तिथे आमचे चुलतभाऊ दगा आप्पा नेहमीसारखे टपरीवर बसले होते. त्यांच्याशी दोन शब्द बोलत उभा राहिलो आणि पाठीवर आधी गरम, मग फार गरम आणि मग काही विचारू नका असं व्हायला लागलं. कर्कटकाने पिशवीला भोक पाडलं होतं आणि तिखट बॅगेच्या जाळीतून गळून घामात कालवलं जात होतं. आप्पांनी विचारलं, असा का नाचतोस? मी म्हणालो, व्यायाम. घरापर्यंत तो व्यायाम मी पळत केला. तीस वर्षं मिरची पिकवतो, पण तिच्यात इतका जीव असतो हे मला त्या दिवशी कळलं. निर्मलेने पाठीला दही थापलं, पण थापताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं ते माझ्यासाठी नव्हतं. “वरीसभरनं तिखट शे ते!” एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. काजलने विचारलं, वजन जाणवलं का? मी खरं तेच सांगितलं, की वजन अजिबात जाणवलं नाही.

मग शुक्रवारी दगा आप्पांना घेऊन नंदुरबारला गेलो. आप्पांना बैल पारखता येतो, म्हणून ते सगळ्याच खरेदीला येतात. त्यांनी दुकानात लॅपटॉप उघडून दात मोजावेत तशी बटणं मोजली, मागून पुढून थोपटला आणि निकाल दिला, “मोठाच ली ले नवल, ल्हाना लिसन काय करशी?” दुकानदार नवनीतभाईंनी दोनदा विचारलं, मुलगी कुठे शिकणार आहे? बाहेरगावी असेल तर लहान बरा पडेल. मी त्यांना म्हणालो की डोळे सगळीकडे सारखेच असतात, आणि सतरा इंची बांधून घेतला.

काजलने खोका उघडला. मला वाटलं होतं भांडेल, रुसेल. मी उत्तरं तयार ठेवली होती. तिने लॅपटॉप उचलून आपल्या बॅगेत घालून पाहिला, तो एक तृतीयांश बाहेर राहिला. चेन इकडून ओढली, तिकडून ओढली. मग बाहेर काढला, ओढणीने पुसला, टेबलावर ठेवला आणि मला म्हणाली, “हाऊ घरमाच ऱ्हाई ना, पप्पा?” मी हो म्हणालो. ती म्हणाली, चांगला आहे. मला जे हवं होतं ते सगळं झालं होतं, भूपेशराव, आणि मला जेवण गेलं नाही. निर्मला ताट उचलताना म्हणाली, “पोर शिकाले जाई ऱ्हायनी, आनि तुमी लॅपटॉप मोजी ऱ्हायनात.”

रविवारी कानबाईचा सण. यंदा बसवायचा मान आमच्या घराचा होता, सगळी भाऊबंदकी जमली होती. पुढच्या खोलीत देवी बसली, बाया गाणी म्हणत होत्या, नैवेद्याच्या रोटांचा वास सुटला होता. मला आतून तुपाचा डबा आणायला पाठवलं. काजल आतल्या खोलीत दाराकडे पाठ करून बसली होती. तो स्क्रीन एवढा मोठा, की मला दारातून, चष्म्याशिवाय, सगळं वाचता आलं. ती तुम्हाला निरोप लिहीत होती: “मामा, मी इथलंच कॉलेज घेते. मला वाईट वाटलं ते पप्पांना सांगू नका. लॅपटॉप छान आहे, अक्षरं मोठी दिसतात.” मग तिने तो वाचला आणि एकेक अक्षर करत पुसून टाकला, म्हणून तुम्हाला पोचला नाही. चौदा इंची असता तर मला त्या दारातून एक ओळही लागली नसती. मी तुपाचा डबा तिथेच विसरलो. मला स्वतःची लाज वाटली. पोरीला मी ओरडून अडवलं असतं तर ती भांडली तरी असती. मी तिला भेटवस्तू देऊन अडवलं, त्यावर बिचारी काय बोलणार?

मी सरळ पुढच्या खोलीत आलो आणि निर्मलेला म्हणालो, खोका कुठे आहे? लॅपटॉप आत्ताच्या आत्ता परत न्यायचा. तर समजलं की कानबाईचा पाट जरा उंच व्हावा म्हणून तुमच्या बहिणीने तोच खोका, मजबूत दिसला म्हणून, लाल कापड घालून पाटाखाली सरकवला होता. देवी बसलेली. मी म्हणालो, जरा वरचं उचलू, खोका काढू, परत ठेवू. गाणी थांबली. “तुमना खोकासाठे कानबाईले उठाडू का आते?” असं निर्मला म्हणाली, आणि सगळ्या भाऊबंदकीने माझ्याकडे असं पाहिलं की मी तुपाचा डबा आणायला परत गेलो. निर्मलेने बोलणं बंद केलं ते तेव्हापासून.

सोमवारी कानबाईला नदीवर निरोप दिला आणि माझ्या हाती खोका आला. त्याच्यावर हळद, कुंकू, एका कोपऱ्यात नारळाच्या पाण्याचा डाग आणि आत तांदळाचे चार दाणे. तसाच घेऊन काजलसह नंदुरबार गाठलं. नवनीतभाई म्हणाले, सील तुटलं, आता परत घेता येत नाही, कंपनीचा नियम आहे. त्यांचं बरोबर होतं, मी हात जोडायच्या बेतात होतो. तेवढ्यात त्यांची नजर खोक्यावर गेली. “कानबाईखाले व्हता का हाऊ?” मी म्हणालो, काल दुपारपासून. त्यांनी चपला काढल्या, खोक्याला कपाळ लावलं आणि म्हणाले, “मंग मी नही कसा म्हनू?” लॅपटॉप त्यांनी कपाटात ठेवला आणि खोका गल्ल्यामागच्या देव्हाऱ्यात. काजलने चौदा इंची घेतला. तिथेच बॅगेत घालून पाहिला, चेन एका ओढीत लागली. मग ती दुकानाबाहेर रस्त्यावर, रिक्षांच्या गर्दीत, माझा हात धरून रडली. मी विचारलं, आता काय झालं? तिने ओढणीने डोळे पुसले आणि बॅग खांद्याला लावली.

काल पुण्याचं कॉलेज नक्की केलं. अखेर चौदा इंचच आला, पण यात तुमच्या सल्ल्याचा काडीचाही संबंध नाही, हे स्पष्ट व्हावं म्हणूनच हे पत्र. आम्ही सगळ्या बाजूंनी विचार करून, स्वतःच्या पाठीवर प्रयोग करून, स्वतंत्रपणे त्या आकड्याला पोचलो. वहिनींना नमस्कार सांगा, पोरांच्या डोक्यावरून माझा हात फिरवा, आणि मानेचा पट्टा सुटला नसेल तर पाठीचंही बघा. दही उपयोगी पडतं.

आपला,
नवल

ता. क. – काजल येत्या रविवारी ट्रॅव्हल्सने निघते, सोमवारी सकाळी पुण्यात उतरेल. ती म्हणते मामाला त्रास देऊ नका, मोबाईलवर रस्ता दिसतो. तरी तुम्ही या. लग्नाला बावीस वर्षं झाली, सासुरवाडीकडे मी कधी काही मागितलं नाही. (धोंड्याच्या महिन्यातलं ताट धरू नका, ते मागितलं नव्हतं, आलं होतं.) आता मागतो. तिला न दिसता लांबून बघितलं तरी चालेल. नाही, दिसाच.

ता. क. २ – त्या पुसलेल्या निरोपाबद्दल तिच्याजवळ बोलू नका. मी वाचला हे तिला माहीत नाही.

ता. क. ३ – काल तिने आम्हाला व्हिडिओ कॉल लावायला शिकवलं. ती अंगणात जाऊन बोलत होती, आम्ही दोघं आत. निर्मलेला दाखवायचं म्हणून मोबाईल तिच्याकडे धरला तर मला दिसेना, आणि माझ्याकडे धरला तर तिला. त्यात पोर एवढीशी दिसते, माझा अंगठा पडला की सगळीच झाकली जाते. तुमचा या विषयातला अभ्यास मोठा, म्हणून विचारतो, आणि हे निर्मलेला कळवू नका: दोघांना एका वेळी, खाटेवर बसून, पोरीचा चेहरा नीट दिसायला हवा असेल तर स्क्रीन केवढा घ्यावा? वजन कितीही असू द्या. आमचा कुठे न्यायचा नाही.