मालकाच्या वर्तणुकीचा दाखला मिळणेबाबत

प्रति,
मा. रोजगार मार्गदर्शन अधिकारी साहेब,
जिल्हा कार्यालय, जालना.

अर्जदार : कल्याण सुग्रीव उढाण, वय ५२, धंदा बियाणे निवडणी, एमआयडीसी, जालना.

विषय : मालक या नात्याने माझी वर्तणूक कशी आहे, याचा दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : १) कामगार मिळणेबाबतचा माझा दि. ७ मार्च २०२२ चा अर्ज.
२) दुर्गाबाई धुळाजी देवकते, रा. तीर्थपुरी, यांनी तोंडी घातलेल्या अटी.

महोदय,

उपरोक्त विषयी हात जोडून कळवितो की, माझ्या कारखान्यात भेंडी, कारले, दोडके यांचे बियाणे हाताने निवडून पिशवीबंद केले जाते. महामारीपूर्वी या कामावर सात बाया व गोरक्षनाथ नावाचे एक मशीनचालक होते. त्या सातांपैकीच दुर्गाबाई मुकादम. यंदा काम दुप्पट आले आहे, परंतु निवडायला मी व माझी पत्नी दैवशाला असे दोघेच आहोत. ३० एप्रिलपर्यंत माल गेला नाही तर पुढील हंगामाचे काम दुसरीकडे जाईल, असे कंपनीने लेखी कळविले आहे. तसे झाल्यास कारखान्याला कुलूप लागेल.

२. संदर्भ क्र. १ च्या अर्जात कामगार न मिळण्याची कारणे मी 'फुकटचे रेशन, मोबाईल आणि आळस' अशी नमूद केली होती. ती कारणे मी या अर्जाद्वारे मागे घेत आहे. खरे कारण पुढे येईलच.

३. फाटकावर 'कामगार पाहिजेत, चहा दोन वेळा' अशी पाटी दीड महिना लावली होती. त्या अवधीत दोन इसम आले. पहिल्याने शेजारच्या लोखंडाच्या कारखान्याचा पत्ता विचारला. दुसरा पंख्याखाली बसला, त्याने मोबाईल चार्ज केला, चहा घेतला, 'घरी विचारून सांगतो' म्हणाला व गेला. त्याचे घरचे अद्याप विचार करीत असावेत.

४. सबब दि. १३ मार्च रोजी मी स्वतः तीर्थपुरीस गेलो. दुर्गाबाई आता तेथे त्याच बायांची टोळी करून मोसंबी तोडणीचे गुत्ते, म्हणजे ठेके, घेतात. त्यांनी मला आधी पाणी दिले. मी म्हणालो, "बाई, परत चला, काम लई आहे." त्या म्हणाल्या, "काम हाय ते बराबर हाय. पन तुम्ही मानूस कसे हायेत, ह्याचा काही कागद हाय का?" मी हसून म्हणालो, "दहा वर्षं ओळखता की मला!" त्यावर त्या बिलकुल न हसता म्हणाल्या, "म्हनूनच मागून राह्यले. मी कामाला आल्ते तवा तुम्ही चांगल्या वागणुकीचा दाखला मागितल्ता. मी सरपंचाकडून आनून दिल्ता. आता तुमची पाळी."

५. हा विनोद असावा असे समजून मी गोरक्षनाथ यांच्याकडे गेलो. ते आता शेळ्या पाळतात. त्यांनी मला शेळ्या दाखविल्या, एकेकीचे नाव सांगितले, आणि निरोप देताना म्हणाले, "ह्या आपला फोन बंद करून बसत न्हाईत, मालक."

६. यावरून विनोद नसल्याचे लक्षात आले. सबब मी दाखल्याच्या मागे लागलो. आमच्या भागातील लोकप्रतिनिधी म्हणाले, रहिवासी असल्याचे लिहून देतो, पुढचे मला माहीत नाही. पोलीस ठाण्यातून माझ्यावर गुन्हा नोंद नसल्याचा दाखला मिळाला. तो घेऊन दि. ३ एप्रिल रोजी पुन्हा तीर्थपुरीस गेलो. दुर्गाबाईंची सून साक्षी हिने तो शेताच्या बांधावर मोठ्याने वाचला. दुर्गाबाई म्हणाल्या, "नोंदला न्हाई म्हंजी केला न्हाई, असं कुटं लिव्हलंय ह्यात?" सदर दाखला नामंजूर झाला. पत्नीने तीन ओळी लिहून दिल्या आहेत. त्या अर्जदारास प्रतिकूल असूनही सोबत जोडत आहे, कारण तिने त्या जोडायला लावल्या.

७. त्या दिवशी टोळीतील बेबीनंदा तापाने आल्या नव्हत्या व टेम्पो उभा होता. दुर्गाबाई म्हणाल्या, "बसूनच राह्यले तर कॅरेट उचला." मी सायंकाळपर्यंत मोसंबीचे कॅरेट वाहिले. माझ्या हाताला फोड आले. वेग कमी असल्याबद्दल मला दोनदा समज देण्यात आली.

८. दुपारी त्यांनी मला भाकरी व ठेचा दिला. जेवताना मार्च २०२० चा विषय निघाला, तो येथे लिहिणे भाग आहे. या बाया व गोरक्षनाथ आठवडाभर कारखान्यातील दोन खोल्यांत राहत व शनिवारी गावी जात. सर्व बंद झाले तेव्हा मी रोगाच्या भीतीने त्यांना फोनवरून खोल्या खाली करण्यास सांगितले. दुर्गाबाईंनी एवढेच मागितले होते की, 'हे माझे कामगार असून घरी जात आहेत, जाऊ द्यावे', अशी एक ओळ कारखान्याच्या कागदावर लिहून द्यावी. उद्या काही झाले तर आपली सही पुढे येईल, अशी मला धास्ती वाटली. "पाहतो" म्हणालो, आणि फोन बंद केला. तो चार दिवसांनी सुरू केला.

९. कागद नसल्याने ते आठ जण मोठा रस्ता सोडून बांधाबांधाने चालत गेले. दोन दिवस लागले. अंबडच्या पुढे गिरिजाबाई, ज्या सर्वांत थोरल्या, झाडाखाली बसल्या व म्हणाल्या, "मला हितंच ऱ्हाऊ द्या, तुम्ही व्हा म्होरं." गोरक्षनाथ यांनी त्यांना पाठीवर घेतले. तेव्हापासून गिरिजाबाई काठी घेऊन चालतात. हे सर्व त्या बायांनी मला हसत हसत सांगितले. गोरक्षनाथ वाटेत कितीदा 'आता कोणती म्हातारी जड व्हायची राहिली' म्हणाले, याची नक्कलही करून दाखविली. मी ताट खाली ठेवून सर्वांसमक्ष म्हणालो, "माझं चुकलं." मग गिरिजाबाई म्हणाल्या, "हां. ते झालं. मंग आता कागद आना."

१०. पुढे अर्जदारास आठ दिवसांच्या चाचणीवर घेण्यात आले आहे. सोमवार दि. १८ पासून चार बाया कामावर येत आहेत. खोल्यांची किल्ली दुर्गाबाईंकडे आहे. मला आत जायचे तर विचारावे लागते. काल निवडलेल्या भेंडीत मी एक खडा सोडला, त्यावरून सर्वांदेखत माझी कानउघाडणी झाली. बाकीचे चार जण दाखला पाहिल्यावरच येणार आहेत. ते आले तरच ३० तारीख गाठता येईल.

११. आपल्या कार्यालयात चौकशी केली असता, तेथील मॅडमनी सौजन्याने सांगितले की असा नमुना केवळ उमेदवारांसाठी आहे, मालकाने आजवर कधी मागितलेला नाही. सबब मी उमेदवाराचाच नमुना भरला असून 'उमेदवार' शब्द खोडून 'मालक' केले आहे. 'पूर्वानुभव' या रकान्यात 'वाईट' असे लिहिले आहे.

१२. तरी विनंती की, आपण समक्ष येऊन, मला बाहेर बसवून, बायांना विचारावे व त्या सांगतील तसा दाखला द्यावा. मार्च २०२० चा मजकूर त्यातून वगळू नये. आणि कृपा करून 'वर्तणूक उत्तम' असे मात्र लिहू नये. दुर्गाबाई तो कागद जागीच फाडतील. 'सुधारत आहे' एवढे लिहिले तरी माझे काम होईल.

सोबत : वर नमूद केलेले कागद, तीन.

आपला, सध्या तरी नम्र,
कल्याण सुग्रीव उढाण
जालना, दि. २१ एप्रिल २०२२